वाळूच्या वाटेतलं कुंपण

मी एक जुनं बांबूचं कुंपण आहे. मित्रांनो, माझी फक्त वरची टोकं तुम्हाला दिसतील. बाकीचं मी वाळूखाली आहे, आणि वाळू अजून थांबलेली नाही.

जपानात तोत्तोरी इथे समुद्राकाठी वाळूच्या उंच टेकड्या आहेत. वाळवंटच म्हणा ना. तिथल्या हामादा नावाच्या शेतकऱ्यानं मला बांधलं. डोंगरातून बांबू आणून त्यानं ते चिरले, काथ्यानं आवळले आणि टेकडी व आपलं घर यांच्या मधे मला रोवलं. मग माझ्या पायाशी गवत लावलं. वाळू अडवणं माझं काम. अडवलेली वाळू धरून ठेवणं गवताचं काम. गवत सुटलं तर वाळू दारात येणार, हे मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं.

तो शेतकरी वारला. त्याची बायको, हामादा आजी, शेतापलीकडे मुलाकडे राहायला गेली आणि घर भाड्यानं दिलं. १९९४ च्या वसंतात तिथे उल्हास, त्याची बायको दमयंती आणि लहानगी तन्वी राहायला आली. उल्हास कोरड्या जमिनीतल्या पिकांचा अभ्यास करत होता. दमयंती माणदेशातली. वाळू पाहून ती बिचकली नाही.

"अहो, आपल्याकडचाच माळ हा. फक्त कडेला समुद्र ठेवलाय," ती म्हणाली.

तिचा जीव तिथे रमला. वाळूवर पसरणाऱ्या वेलीची गुलाबी फुलं ती रोज बघायची. माझ्या पायाशी गवतात चंडोलाची जोडी घरटं करायची; नर गात गात आभाळात चढला की ती हातातलं काम सोडून बाहेर यायची. कधी पिवळ्या धुळीनं सूर्य झाकून जाई, कधी सकाळी वाळूवर लाटा उमटलेल्या असत. तन्वी शाळेतून येताना माझ्यावरून काठी फिरवत यायची. खडखडखड! तो आवाज आला की दमयंती दार उघडायची. ती माझी चांगली वर्षं होती.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला ओसाकाहून दोन मराठी कुटुंबं येणार होती. दमयंतीनं कंबर कसली. दारापासून माझ्यापर्यंतचं सगळं अंगण तिनं झाडलं, आणि मग माझ्या पायाशी बसून गवत उपटू लागली.

हामादा आजी शेतातून लगबगीनं आली आणि हात हलवत बोलू लागली. दमयंतीला तिची भाषा जेमतेम येत होती, म्हणून तन्वी मधे उभी राहिली.

"आई, आजी म्हणतात, गवत राहू दे, उपटू नको."

"त्यांना सांग, दारात गवत वाढलं की घर ओसाड दिसतं. माणसं राहतात तिथलं अंगण कसं लख्ख हवं."

"आजी म्हणतात, हवं तर झाडून घे. पण उपटू नको."

"अगं, परवा टेकडीवर सगळं गाव गवत उपटत होतं! मीही गेले होते. मला टोपी दिली, टॉवेल दिला, वर आभार मानले. तेव्हा कुणी काही बोललं नाही!"

आजीनं टेकडीकडे हात केला. मग तन्वीनं तिचं बोलणं सांगितलं. "ते टेकड्या बघायला येणाऱ्या पर्यटकांना वाळू दिसावी म्हणून. टेकडीवर कुणी झोपत नाही, म्हणतात."

दमयंतीनं आजीच्या हातात चकल्या ठेवल्या आणि गोड हसली. संध्याकाळी उल्हासही म्हणाला, "थोडं तरी ठेव गं."

"तुम्ही तुमच्या प्रयोगशाळेत वाढवा हवं तेवढं. माझ्या दारात नको."

तो हसला आणि विषय संपला. दिवाळीत अंगणात मोठी रांगोळी होती. सगळ्यांनी कौतुक केलं. माझे पाय उघडे पडले होते, ते कुणी पाहिलं नाही.

पुढच्या महिन्यात उत्तरेचा वारा सुटला. रोज थोडी थोडी वाळू माझ्या खालून दाराकडे सरकू लागली. दमयंती रोज झाडायची, रोज ती पुन्हा यायची. मग एका दुपारी आभाळ काळंनिळं झालं आणि टेकडीच चालत आल्यासारखी वाळू आली. उल्हास त्या दिवशी कामासाठी दूर सेंदाई शहरात होता. दमयंतीनं दार सरकवून पाहिलं. दार हललं नाही. बाहेरून वाळूनं ते दाबून धरलं होतं.

आणि तेवढ्यात काठीचा आवाज आला. खड... खड... तन्वी डोळे मिटून, मला धरून घराकडे येत होती.

"तन्वी, तिथेच थांब! हलू नकोस!" आतून दमयंती दारावर हात आपटत होती. वाऱ्यात तिचा आवाज पोचत नव्हता.

दाराजवळचा माझा भाग पुरता बुजला होता. तन्वीचा हात माझ्यावरून निसटला. पुढे धरायला काहीच नव्हतं. ती घराकडे वळायच्या ऐवजी टेकडीकडे वळली. मित्रांनो, मला हात असते तर!

शेताकडून पोतं पांघरून हामादा आजी आली. मला चाचपत, खांबामागून खांब धरत ती आली, आणि तिनं पोरीचं दप्तर मागून घट्ट पकडलं. मग दोघी मागच्या बाजूला गेल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दमयंती बाहेर पडली आणि तन्वीला कवटाळून वाळूतच बसली. आजीनं तन्वीच्या केसांतली वाळू झटकली.

उल्हासच्या कुटुंबानं ते घर त्याच महिन्यात सोडलं. वसंतात दमयंती आणि तन्वी गवताची रोपं घेऊन आल्या. आजीनं दाखवलं तशी त्यांनी ती एका ओळीत लावली. बहुतेक रोपं वाऱ्यानं नेली. चंडोल आला, वरच्या वर गायला, आणि उतरायला जागा नाही म्हणून निघून गेला. दमयंती तो दिसेनासा होईपर्यंत वर बघत राहिली.

आता घराच्या खिडक्याही वाळूत आहेत. माझ्याजवळ गवताचा एकच झुबका उरला आहे. मित्रांनो, फिरायला आलात आणि तो उपटायला तुमचा हात पुढे झाला, तर क्षणभर थांबा. त्यानं खाली काय धरून ठेवलं आहे ते वरून दिसत नाही. वारा पुन्हा उत्तरेचा होऊ लागला आहे.