आतली स्प्रिंग

रोकड नेणाऱ्या गाडीवरच्या गार्डांसाठी कंपनीने जुनी पिस्तुलं घेतली होती. रामेश्वरने ओरखडे पडलेलं, पण हातात नीट बसणारं एक निवडलं. ऐनवेळी गोळी अडकू नये म्हणून त्याने मॅगझिनची स्प्रिंग नवी मागितली. सुपरवायझर परेशने नुसती चकचकीत मूठ बसवून दिली.

"स्प्रिंग कोण बघतंय, काका? क्लायंटला मूठ दिसते. यल्ला, निघा."

रामेश्वरच्या डोक्यात तिडीक गेली. करामा वस्तीतल्या त्याच्या घरमालकानेही जुन्या गीझरला वरून रंगच फासला होता. त्याच गीझरचा शॉक लागून रामेश्वरची बायको, संपदा, गेली.

त्याने पिस्तूल टेबलावर ठेवलं. "स्प्रिंग येईपर्यंत मी गाडीत बसणार नाही."

"मग झुबेर एकटा नेईल."

ड्रायव्हर झुबेर दारातच होता. त्याने गाडीची किल्ली पिस्तुलाशेजारी ठेवली. "मला काय वेड लागलंय, परेशभाई?"