दाराबाहेरच्या चपला

"सिनेमा पाहिल्याशिवाय त्याच्या परीक्षणाखालचं काही वाचू नकोस, बाई. फसशील." खडूसने तिला कामाच्या पहिल्याच आठवड्यात असं बजावलं होतं, आणि तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं.

खडूस म्हणजे त्या संकेतस्थळाचा जुना समीक्षक. त्याने पाचात दोन तारे दिले तर निर्मात्याने देव पावला समजावं, असा माणूस. तिचं काम त्याच्या परीक्षणाखाली चालायचं. वाचकांच्या प्रतिक्रिया वाचायच्या, त्यातल्या शिव्या आणि खऱ्या माणसांची नावं-पत्ते काढायचे आणि रोज एक चांगली प्रतिक्रिया चौकटीत घालून सगळ्यांत वर टांगायची. सिनेमातल्या पात्राला कोणी कितीही मारलं-कापलं तरी ते चालायचं, कारण ते सिनेमाबद्दल. तिच्या विभागात सिनेमे कोणीच बघत नसे. त्यात तिचं पिल्लू रांगतं. ते झोपलं की ही आधी त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणार, खिडकीची कडी दोनदा ओढून बघणार आणि मग संगणक उघडणार. दोन तासांचा सिनेमा बघायला वेळ कुठून आणायचा?

यावेळचा सिनेमा ब्रिटिश होता. शाळेच्या बसचा एक निवृत्त चालक वस्तीतल्या गुंडांना मोटारी धुण्याच्या एका बंद गॅरेजमध्ये नेऊन एकेकाला संपवतो, एवढं तिला परीक्षणावरून कळलं होतं. खडूसने एकच तारा दिला होता. 'या सिनेमाला माणसाच्या दुःखाशी देणंघेणं नाही. त्याला फक्त हाडं मोडल्याचा आवाज ऐकवायचाय,' असं त्याने लिहिलं होतं.

त्यावर प्रेक्षक तुटून पडले. 'म्हाताऱ्या, तुझ्या घरात घुसतील तेव्हा तारे मोज.' 'उकळत्या पाण्याच्या सीनला आख्खं थिएटर उभं राहिलं, मीपण शिट्टी मारली. दोन मुलींचा बाप आहे मी!' तिसऱ्याने मरणाऱ्या पोराच्या किंकाळीची फोनवर घंटी करून ठेवली होती आणि ती कुठे मिळेल म्हणून पन्नास जण हात पसरून उभे होते. दुधाची बाटली उकळताना तिला ते पाणी आठवायचं आणि ती गॅस बारीक करायची.

या सगळ्या उकिरड्यात एकच माणूस हळू आवाजात लिहायचा. टोपणनाव 'तिसरा मजला'.

'जिन्यातला बल्ब त्याने चौथ्यांदा लावला. पोरांनी चौथ्यांदा फोडला.' दुसऱ्या दिवशी, 'बायको गेली, तरी तिच्या चपला त्याने दाराबाहेर तशाच ठेवल्यात. घरात दोघं आहेत असं वाटावं म्हणून.' मग, 'आता तो बल्ब आणणार नाही. नळाचा मोठा पाना आहे त्याच्याकडे.'

किती बारकाईने सिनेमा बघतो हा माणूस, असं तिला वाटलं. चपलांची प्रतिक्रिया तिने चौकटीत टांगली आणि मग ती बदललीच नाही. त्याखाली उत्तरांची रांग लागली. 'काका, नुसतं बोलणार की करणार पण?' 'पाना धुऊन ठेवा हां, गंज लागेल!' 'शनिवारी आटपा, रविवारी आम्ही वाचतो.' लोक पुढची गोष्ट विचारतायत, असं समजून तिने तेही जाऊ दिलं.

शनिवारी दुपारी चौकटीशेजारी लावायला तिला चपलांच्या प्रसंगाचं चित्र हवं होतं, म्हणून तिने खडूसला फोन लावला.

"कसल्या चपला?"

"अहो, बायकोच्या. दाराबाहेरच्या. जिन्यात बल्ब फोडतात ना, तिथे."

पलीकडे कप ठेवल्याचा आवाज आला. "बाई, त्या सिनेमात जिना नाही. सगळी बैठी घरं आहेत. बायको आहे, ती शेवटपर्यंत जिवंत आहे. आणि तिकडे कोणी दाराबाहेर चपला काढतं का?"

तिने पडद्याकडे पाहिलं. सकाळी सातची नवी प्रतिक्रिया होती. 'आज तो दाराला आतून कडी लावून बसलाय. अंधार पडायची वाट बघतोय.' खाली त्रेसष्ट जणांनी टाळ्या वाजवणारी चित्रं टाकली होती.

"म्हणजे हे सगळे..." ती टाळ्यांची रांग खाली सरकवत गेली. "सिनेमा बघून आलेत हे. यांना माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून," खडूस म्हणाला. "न बघितलेली तू एकटीच."

तिने फोन ठेवला. एक माणूस आपलं मरण नाहीतर दुसऱ्याचं मरण थोडं थोडं करून सांगत होता, आणि हे तिकीट काढल्यासारखे पाय पसरून बसले होते. आणि बसायला जागा तिने करून दिली होती, सगळ्यांत वर, चौकटीत.

तिने संपादकबाईंना फोन केला.

"अगं, गंमत करतात लोक. एवढी गर्दी त्या पानावर वर्षात झाली नव्हती. चौकट हलवू नकोस."

"मॅडम, तो माणूस खरा आहे."

"मग पोलिसांना सांग की!"

पोलिसांना तिने सांगितलं. तिकडचा हवालदार सज्जन निघाला, त्याने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "ताई, पत्ता?" पत्ता नव्हता. संकेतस्थळावर कोणीही टोपणनावाने लिहू शकत असे. लोक मोकळेपणाने बोलतील, म्हणून तशी सोय केली होती.

पिल्लू उठून रडायला लागलं. त्याला कडेवर घेऊन तिने एका हाताने टाळ्या काढल्या, टोमणे काढले. 'तिसरा मजला'चे शब्द मात्र पुसले नाहीत. ते पुसले असते तर त्याच्याशी असलेला एकुलता धागाही तुटला असता. चपलांची प्रतिक्रिया तिने खाली उतरवली आणि चौकट रिकामी झाली. तेवढ्यात खडूसचा फोन आला. "चौकटीत आता तूच लिही. नोकरी गेली तर माझं नाव सांग. मला तसंही कोणी विचारत नाही."

बाहेर ऊन भिंतीवरून उतरायला लागलं होतं. चुका दुरुस्त न करता तिने चौकटीत लिहिलं:

'तिसरा मजला, तुम्ही हे वाचत असाल तर दार उघडू नका, आधी मला इथे एक शब्द लिहा. मी बसून आहे.

आणि बाकीचे तुम्ही, जे हे वाचताय. हा सिनेमा नाही. तुमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ एकटे राहत असतील, जिन्यातला बल्ब फुटलेला असेल आणि बंद दाराबाहेर बायकांच्या चपला असतील, बरेच दिवस न हललेल्या, तर अंधार पडायच्या आत वर जा. बल्ब घेऊन जा. दार वाजवा, आपलं नाव सांगा. उघडलं नाही तरी बाहेर बसून बोलत राहा. पण आत्ता जा, बघून या.'