पियानोच्या दोन बाजूंना

रविवारी दुपारी दोन वाजता डिंफना हॅनराहन गाडी काढायची. आधी थोरल्या भावाला, मॅलकीला घ्यायची. तो ॲकॉर्डियन मांडीवर घेऊन पुढे बसायचा. मग पुढच्या वळणावर धाकट्या फिंटनला. तो बासरी कोटाच्या आत सरकवून मागे बसायचा. दोघंही तिच्याशी बोलायचे. एकमेकांशी मात्र, आईला पुरलं त्या दिवसापासून, बावीस वर्षं एक शब्द नाही.

तरी बँड चालू होता. आयर्लंडमधल्या क्लेअरच्या त्या किनाऱ्यावर गटागटाने सेट नाचणाऱ्यांना हॅनराहनांचंच वाजवणं लागायचं. जिग असो वा रील, नाचाचा ठेका कुठलाही असो, डिंफना पियानोवर मधोमध आणि भाऊ दोन बाजूंना.

"त्याला सांग, आता जिग," मॅलकी म्हणायचा. डिंफना मान वळवून म्हणायची, "जिग."

"त्याला सांग, मघाशी म्हशीसारखा धावत होता," फिंटन म्हणायचा. डिंफना दुसरीकडे मान वळवायची. "तो म्हणतो, जरा सावकाश घे."

बोचणारं सगळं वाटेत गाळून ती निरोप पोचवायची. आता ती अडुसष्ट वर्षांची झाली होती. वाजवून हात दुखायचे, पण त्याचं तिला काही नव्हतं. या मान वळवण्यानेच ती थकून जायची.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये चहा झाला, हॅमची सँडविचेस संपली, आणि चार-चार जोड्यांचे सहा सेट पुन्हा उभे राहिले. नाचाची पावलं पुकारणारी कन्सेप्टा माइकपाशी आली. मॅलकीने पट्टा खांद्यावर चढवला.

"त्याला सांग, रील. नेहमीची."

डिंफना समोरच बघत राहिली. ती रागावली नव्हती. मान वळवायचं बळच उरलं नव्हतं.

"तूच सांग," ती म्हणाली.

"काय?"

"तीन फुटांवर बसलाय तो. तूच सांग."

मॅलकी लालबुंद झाला. त्याने कुणालाच काही न सांगता रील सुरू केली. फिंटननेही हट्टाने बासरीला ओठ टेकवले आणि वेगळ्याच ठेक्याची जिग सुरू केली. डिंफनाने हात मांडीवर ठेवले. नाचणारे दोन पावलं पुढे गेले आणि अडखळले. टायग कीन नावाच्या म्हाताऱ्याने उचललेला पाय तसाच अधांतरी धरला.

"हॅनराहन मंडळी," कन्सेप्टा माइकवरून म्हणाली, "आमच्या डाव्या पायाने एकाचं ऐकायचं आणि उजव्याने दुसऱ्याचं, असं आहे का?"

सगळा हॉल हसला. मग हसणं ओसरलं आणि सगळे स्टेजकडे बघत राहिले. भावांनी डिंफनाकडे पाहिलं. ती पियानोच्या काळ्या पट्ट्यांकडे बघत होती.

शेवटी मॅलकी छताकडे बघून म्हणाला, "रील."

"कुठली?" फिंटनने बासरीलाच विचारलं.

"नेहमीची म्हटलं ना."

"मला नाही म्हटलंस."

"आता म्हणतोय."

वाजवणं सुरू झालं आणि टायगने पाय खाली ठेवला. पुढच्या तासाभरात ते पाच-सहा वेळा बोलले, तेही भांडायलाच. घाई तू करतोस, श्वास तुला पुरत नाही, वगैरे.

परतीच्या वाटेवर पाऊस लागला. मागच्या सीटवरून फिंटन म्हणाला, "चर्चमध्ये त्या संथ चालीचा दुसरा भाग तू चुकीचा वाजवला होतास."

"बाबांनी शिकवला तसा वाजवला."

"बाबा तसं वाजवायचेच नाहीत. म्हणून तर तुला थांबवलं."

"आईच्या शवपेटीसमोर थांबवलंस. अख्ख्या गावादेखत." मॅलकीचा आवाज एकदम बारीक झाला. "मला परत सुरू करताच आलं नाही, फिंटन."

मग मॅलकीने आपली चाल गुणगुणून दाखवली. फिंटनने त्याची गुणगुणली. दोघं एकदम गुणगुणू लागले, आणि दोघं एकदम थांबले.

"डिंफना, तू सांग. बाबा कसं वाजवायचे?"

डिंफनाला चांगलं माहीत होतं. वडील दोन्ही तऱ्हांनी वाजवायचे. मॅलकीला शिकवलं तेव्हा एक, नंतर वय झाल्यावर, फिंटनच्या वेळी, दुसरी. दोन्हींना तिनेच साथ केली होती. पण हे सांगितलं तर ते आणखी काहीतरी विचारतील, आणि मग आणखी काही.

"मला नाही आठवत," ती म्हणाली.

फिंटनच्या फाटकापाशी दोघंही उतरले. मॅलकीचं घर अजून पुढे होतं, पण भांडण अर्धवट होतं. पावसात हातवारे करत ते आत गेले. तिला बाय म्हणायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या शनिवारी तिने दोघांना फोन करून सांगितलं, मी उद्या येत नाही, पियानोला दुसरं कुणीतरी बघा. कुणाला बघायचं यावरून त्यांचं लगेच जुंपलं, असं नंतर कन्सेप्टाकडून कळलं.

रविवारी डिंफना दोन वाजेपर्यंत झोपली. जाग आली तेव्हा घरात तिला कुणी काही विचारत नव्हतं. त्याचा तिला आनंद झाला असं नाही. तिने कूस बदलली आणि पुन्हा डोळे मिटले.