पदरावरची हळद

राजला हळद लागत होती तेव्हा त्याची आई कलाबाई मांडवाबाहेर उभी होती. तिचे मालक, माझे मोठे दीर, वारले त्याला सात वर्षं झाली, म्हणून. राजच्या अंगाची उरलेली उष्टी हळद वाटीत घेऊन नवरीकडे जायचा मान माझा, धाकट्या जावेचा. मी सवाष्ण. कलाबाई गाडीत शेजारी बसली तेव्हा मी तिला स्पष्टच सांगितलं, यायचं तर या, पण वाटीला हात लावू नका. ती हो म्हणाली. ती कशालाच नाही म्हणत नाही, आणि मला त्याचाच राग येतो.

उष्टी हळद लागल्याशिवाय नवरीची हळद सुरू होत नाही. लासलगावहून मखमलाबादला, मनीषाच्या घरी, चारच्या आत पोचायचं होतं. गाडी चालवत होते आमचे मालक, सहादू. निफाडच्या पुढे त्यांना गतिरोधक दिसलाच नाही. गाडी उडाली आणि वाटी माझ्या हातातून सुटून कलाबाईच्या पदरावर उपडी झाली. आत चमचाभरही उरली नाही.

मनीषाचं आधी एकदा ठरलं होतं. साखरपुड्यानंतर तो मुलगा अपघातात गेला, आणि लोकांनी पोरीला पांढऱ्या पायाची ठरवलं. आता हळद सांडल्याचं कळलं तर हेही लग्न मोडणार. सांडली माझ्या हातून आणि बोल लागणार तिला.

मी किराणा दुकानापुढे गाडी थांबवायला लावली. हळदीची पुडी घेतली, पाण्यात कालवली, वाटी भरली. कलाबाईला दम दिला की पदर आत खोचा, गाडीतून उतरू नका आणि तोंड उघडू नका. या वेळी ती हो म्हणाली नाही.

मनीषा पाटावर बसली होती. तिच्या आजीने, ठमाबाईने, वाटी घेतली, हळद बोटांवर चोळली आणि वास घेतला.

"विहीणबाई, ही जात्यावरची नाय. तेलाचा वासबी नाय."

घाईत मिक्सरवर काढली, असं मी म्हणाले. माझं मलाच ते खोटं वाटलं. बायका कुजबुजायला लागल्या. मागून कोणीतरी त्या पहिल्या मुलाचं नाव काढलंच. मनीषाने मान खाली घातली.

"उष्टी ती उष्टीच," ठमाबाई म्हणाली. "पुडीतली चालायची नाय. खरं काय ते सांगा, नायतर पोरीला पाटावरून उठवते."

एरवी मी कोणाला ऐकत नाही, पण तेव्हा भ्याले.

"गाडी उडाली, हळद सांडली. पोरीचा काय दोष?"

दारात कलाबाई उभी होती, उंबऱ्याच्या बाहेर. तिने पदर दोन्ही हातांनी पुढे धरला होता. करड्या लुगड्यावर पिवळा डाग, तेलाने अजून ओला. "राजच्या अंगाचीच हाय. सगळी इथं हाय," ती म्हणाली.

ठमाबाईने पुढे होऊन पदराचा वास घेतला. ओळखली तिने. मग तिची नजर कलाबाईच्या मोकळ्या कपाळावर गेली आणि ती थांबली. हळद उष्टीच हवी, आणि विधवेकडून तर नकोच. म्हातारीला दोन्ही रिती पाळायच्या होत्या आणि दोन्ही एकदम पाळता येईनात.

मनीषा पाटावरून उठली. हळद लागायच्या आधी नवरीने पाट सोडायचा नसतो. मावशीने तिचा हात धरला, तो तिने सोडवला आणि उंबऱ्यापाशी आली.

"आत्याबाई, तुमच्या हातानं लावा."

कलाबाईने हात उचलला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं. मला माझीच लाज वाटली.

"लावा, आक्का," मी म्हणाले.

तिने पदर बोटाला गुंडाळला आणि सकाळी पोटच्या पोराला लावता न आलेली हळद सुनेच्या गालाला लावली.