ओवा कुटणाऱ्या खलबत्त्याची फिर्याद

मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे, मित्रांनो, आणि सध्या घाटंजीच्या आठवडी बाजारात खोटी साक्ष देण्याच्या कामावर आहे.

लोहाराने मला घडवलं. आतून गुळगुळीत केलं ते माझ्या मालकीणबाईंच्या, कोकिळाबाईंच्या हातांनी. भाजलेला ओवा, सुंठ, काळं मीठ, चिमूटभर हिंग हा माझा खुराक. पंगतीत हात आखडता न घेणारी माणसं दुसऱ्या दिवशी पोट धरून आमच्या ओट्यावर यायची. "जेवलो काहीच नाही बाई, हवेनंच फुगलं," म्हणायची. मी ऐकून घ्यायचो. ढेकर आला की चूर्णाचं कौतुक व्हायचं, माझं कधीमधी.

तांड्यावरच्या भुरीबाई स्वतःच्या वावरातला ओवा आणायच्या. कोकिळाबाईंनी तो कुटून द्यायचा आणि मूठभर ठेवून घ्यायचा, असा दोघींचा रिवाज. भुरीबाईंचे मालक खेमसिंग यांना तुरीचं वरण सोसतही नाही आणि सुटतही नाही.

मग बाजारात दुकान लागलं. गिऱ्हाईक वाढलं, तशा कोकिळाबाई तयार चूर्णाची पोती आणू लागल्या. मला पुसून, हळदकुंकू लावून पुढे बसवलं. मागे पाटी, 'हाताने कुटलेले'. कोणी येताना दिसलं की त्या माझ्या रिकाम्या पोटात बत्ता आपटायच्या. मी खणखणायचो. लोकांना तो आवाज फार आवडला.

गेल्या बाजारी भुरीबाई आल्या.

"कोकिळाबाई, मागच्या बाजारी मी ओवा देल्ला, तू पुडी देल्ली. मालकाचं पोट तसंच नगाऱ्यावानी. माहा ओवा कुठं गेला?"

"त्यातच हाय ना वो. तुह्यासमोर तर कुटून राह्यली."

भुरीबाई हसल्या. "आत ओवा असला का खलबत्ता असा वाजत नाही. दबून बोलते."

त्यांनी माझ्यात हात फिरवला, बोटं नाकाला लावली. तिथे नुसता लोखंडाचा वास होता.

"गर्दीत कोणाचं कोणतं, ध्यानात नाही राह्यलं," कोकिळाबाई पुटपुटल्या. "दुसरी पुडी घेऊन जाय, पैसे नको देऊ."

"नाही म्हणली असती, तर मी घरी पाट्यावर वाटला असता. तुह्या भरवशावर राह्यली."

पुडी तिथेच ठेवून भुरीबाई निघून गेल्या. कोकिळाबाई थोडा वेळ त्या वाटेकडे पाहत राहिल्या. मग गिऱ्हाईक आलं, आणि त्यांनी बत्ता उचलला.

मित्रांनो, मला अडगळीत टाकलं असतं तरी मी कुरकुरलो नसतो. जुन्या वस्तूंचं तसं होतंच. पण ज्या हातांनी मला वळण लावलं, त्याच हातांनी मला फसवणुकीला जुंपलं. माझी विनंती एवढीच. जुनं भांडं नको झालं तर खुशाल मोडीत काढा. चौघांत मांडायचंच असेल, तर आधी त्याच्या पोटात काहीतरी घाला.