नऊ नंबरची जर्सी

लीलाधर सरांनी हात वर केला तेव्हा वैजयंतीला वाटलं, ते पंखा हळू करायला सांगताहेत. पण हात वरच राहिला. ठरावाच्या बाजूनं.

ठराव असा होता: चारुलता महाजनचा नऊ नंबर यापुढे क्लबच्या कुठल्याही खेळाडूला द्यायचा नाही. जर्सी चौकटीत घालून हॉलच्या भिंतीवर लावायची. चारुलता सोळा वर्षं रेल्वेकडून खेळली, दोनदा देशाकडूनही खेळली, आणि या जानेवारीत तिनं खेळणं थांबवलं. अध्यक्ष भूपेंद्रभाऊंना कार्यक्रम हवा होता. बुऱ्हाणपुरातल्या मुलींच्या बास्केटबॉलची बातमी एरवी कोण छापतो?

"सर, तुम्ही?" वैजयंती म्हणाली. "तुम्हीच सांगायचे ना, त्या पोरीचं नाव माझ्यासमोर काढू नका म्हणून?"

"झालं ते झालं, वैजू," सर टेबलाकडे बघत म्हणाले. "शेवटी आपलीच पोर आहे."

"आपली पोर मॅचच्या दिवशी पळून जात नाही. आणि आता टीममध्ये नऊ नंबर हर्षाली घालते. तिला काय सांगू? पळून जाणारीचा मान आहे, तू उतरव?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, ते कमिटीतल्या सगळ्यांना माहीत होतं. भूपेंद्रभाऊंनी मतदान पुढच्या रविवारवर ढकललं. उठताना मात्र म्हणाले, "काहीही ठरो, जुनी जर्सी तर आणून ठेवू. ती नेपानगरला तिच्या आईकडे आहे. घर तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही."

घर माहीत नसायला काय झालं. एके काळी वैजयंती आठवड्यातून दोन रात्री त्याच घरात झोपायची.

दोघी एकाच वयाच्या. वैजयंती इच्छापूरची, केळीवाल्या भाईदास चौधरींची लेक, सकाळच्या पहिल्या बसनं यायची. चारुलता नेपानगरची, तिचे वडील मोतीराम पेपर मिलमध्ये, ती गाडीनं यायची. बुऱ्हाणपूरच्या लालबागमधल्या कोर्टावर आधी पोचेल तिनं झाडू मारायचा असा दोघींचा नियम होता. वैजयंती दहा नंबर घालायची, चारुलता नऊ. वैजयंतीनं बॉल सोडला की तो कुठे जाणार हे चारुलताच्या पायांना आधी कळायचं. त्यांचे कोच लीलाधर सर कधी कोणाचं कौतुक करत नसत, पण ह्या दोघी खेळायला लागल्या की ते शिट्टी तोंडातून काढून नुसते बघत राहायचे.

दोन हजार नऊच्या डिसेंबरात खंडव्याला संभागाची, म्हणजे विभागीय स्पर्धेची, फायनल होती. सकाळी सहाला स्टँडवर टीम जमली आणि चारुलता आली नाही. सरांनी बस वीस मिनिटं थांबवून धरली. ड्रायव्हर कटकट करत होता, सर त्याच्यापुढे हात जोडत होते. मग ते वैजयंतीच्या शेजारच्या सीटवर येऊन बसले आणि म्हणाले, "गेली ती. रेल्वेत नोकरी लागली म्हणे. आपल्याला सांगावंसंसुद्धा वाटलं नाही तिला."

त्या दिवशी टीम तीन पॉइंटनं हरली. वैजयंतीनं चार वेळा उजवीकडे, जिथे चारुलता असायची तिथे, न बघता बॉल फेकला आणि चारही वेळा तो बाहेर गेला. पुढे वर्षभर महिन्याकाठी घरच्या फोनवर चारुलताचा फोन यायचा. "नाही म्हणून सांग," असं वैजयंतीनं वहिनीला सांगितलं. मग फोन यायचे थांबले.

वैजयंती मात्र राहिली. शाळेत खेळाची मास्तरीण झाली, सरांच्या हाताखाली आधी मदतनीस, मग त्यांचे गुडघे गेल्यावर कोच. लग्नाची दोन स्थळं प्रॅक्टिसच्या वेळेवरून मोडली. सर सगळ्यांना सांगायचे, "माझी एकच पोर खरी निघाली." हे वाक्य ऐकलं की तिचा सगळा शीण जायचा.

बुधवारी शाळा सुटल्यावर ती नेपानगरला गेली. जर्सी आणणं हे निमित्त होतं. चारुलताच्या आईला एकदा तोंडावर विचारायचं होतं, की तुमच्या लेकीला एक निरोप ठेवायला काय धाड भरली होती?

मालूबाईंनी दार उघडलं, चष्मा वर करून पाहिलं आणि तिला कवटाळलंच.

"ये माय, ये! किती वर्षांनी गं! राग गेला का मनातला?"

"माझा राग?" वैजयंती उंबऱ्यातच थांबली. "काकू, रागवायचं मी नाही तर कोणी?"

"तेच म्हणते मी. भाईदासभाऊंनी तुला जाऊ दिलं नाही, त्यात तुझा काय दोष? आणि चारूचा तरी काय? तू नाही म्हणालीस तेव्हा दोन दिवस जेवली नाही ती."

"मी कशाला नाही म्हणाले?"

"रेल्वेला! सर आले होते ना इथे. ह्याच खुर्चीवर बसले होते. म्हणाले, दोघींना बोलावलंय, पण वैजूच्या घरचे तयार नाहीत, आणि ती फार चिडलीय, तिला भेटायला जाऊ नकोस, उगाच जखमेवर मीठ नको. चारू म्हणत होती, वैजूशिवाय मी जात नाही. सरांनीच समजावलं तिला. फायनलचं मी बघतो म्हणाले, तू नीघ."

"मी जर्सी न्यायला आले होते," एवढंच वैजयंती म्हणाली. मालूबाई आतून पत्र्याची पेटी घेऊन आल्या. वर जर्सी होती, पांढरी, आता पिवळसर पडलेली. तिच्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत कागद. नोकरीचं पहिलं पत्र मालूबाईंनी जपून ठेवलं होतं. ते क्लबच्या पत्त्यावर आलं होतं. हिंदीत टाइप केलेलं. एक, चारुलता मोतीराम महाजन. दो, वैजयंती भाईदास चौधरी. हजर होण्याची तारीख फायनलच्या दुसऱ्या दिवसाची होती.

तिनं आपलं नाव दोनदा वाचलं. मग त्यावरून बोट फिरवलं, जणू शाई पुसली जाते का ते बघत होती.

"तुला माहीतच नव्हतं?" मालूबाईंनी विचारलं. "अगं माझी माय…"

त्यांनी चहा टाकला, पण तो न घेताच ती उठली. पत्राचा मोबाइलवर फोटो काढून, जर्सी पिशवीत घालून ती परतीच्या गाडीत बसली. राग येत नव्हता, हेच तिला चमत्कारिक वाटत होतं. डोळ्यांपुढे फक्त ती बस येत होती. चारुलता येणार नाही हे ज्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, तो ड्रायव्हरपुढे हात जोडून वीस मिनिटं तिची वाट बघत होता. आणि वैजयंती खिडकीतून मान बाहेर काढून रस्त्याकडे डोळे लावून बसली होती. तेही त्यानं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सरांच्या घरी गेली. सर ओसरीवर गुडघ्याला तेल लावत बसले होते. तिनं मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा शोधला नाही. काय आहे ते त्यांना चष्म्याशिवाय कळलं.

"मालूबाईनं ठेवलं होतं होय," ते म्हणाले.

"का, सर?"

बराच वेळ ते तेलाची बाटली बंद करत राहिले. झाकण आट्यांवर बसत नव्हतं.

"नऊ पोरी होत्या माझ्याकडे," शेवटी ते म्हणाले. "तुम्ही दोघी गेल्या असतात तर सात. त्यातल्या चौघींची लग्नं ठरलेली. एका वर्षात कोर्टावर लोकांनी ट्रॅक्टर लावले असते. दोघींतली एक मला ठेवायची होती. चारूला ठेवून उपयोग नव्हता, ती दुसऱ्या वर्षी गेलीच असती. तू राहणारी होतीस."

"मला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर तू गेली असतीस."

इतकं सरळ बोलले ते. आवाजात लाज नव्हती, आणि वैजयंतीला तेच सहन झालं नाही. ते पुढे म्हणाले, "ह्या सोळा वर्षांत किती पोरी खेळल्या ते मोज ना. दीडशे. तुझ्यामुळे. हे कमी आहे का? आता तिचा नंबर लागू दे भिंतीवर. तेवढंच माझ्या हातून तिचं… मी तिलाही खोटं सांगितलं होतं."

"तिच्यासाठी भिंत," वैजयंती म्हणाली. "आणि मला काय?"

"तुला सगळा क्लब दिला की."

ती उठली. सोळा वर्षांत प्रत्येक गुरुपौर्णिमेला ती ह्या ओसरीवर वाकली होती. चपलांचे पट्टे लावायलाही ती थांबली नाही. तशीच ती चपला फरफटवत फाटकाबाहेर पडली आणि कोपऱ्यावरच्या पानाच्या ठेल्यामागे उभं राहून रडली.

चारुलताचा फोन नंबर भूपेंद्रभाऊंकडून मिळाला. संध्याकाळी तिनं फोन लावला.

"वैजू बोलतेय," ती म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं, एका दमात, पत्रापासून तेलाच्या बाटलीपर्यंत.

"मला वाटायचं तू मला माफ केलं नाहीस," चारुलता हळूच म्हणाली. "मी गेले म्हणून. पहिल्या वर्षी मी दर पगाराला फोन करायचे तुला. मग म्हटलं, जाऊ दे, एवढा माज असेल तर राहू दे."

"मलाही माजच वाटायचा. तुझा."

दोघी हसल्या, पण ते हसणं काही टिकलं नाही. मग वैजयंतीनं विचारलं, "नंबरचं काय करू? रविवारी मतदान आहे. मी विरोधात बोलले होते."

तिला वाटलं होतं, चारुलता म्हणेल, सोड गं, मला काय करायचंय त्याचं. पण चारुलता म्हणाली, "खरं सांगू? मला हवंय. रेल्वेतला माझा नंबर मी सोडल्याच्या दुसऱ्या महिन्यात एका नव्या पोरीला दिला. चांगली खेळते ती. पण घरी येऊन मी रडले. कुठेतरी राहावं गं माझं. आणि तिथे राहिलं तर बरंच."

वैजयंतीनं पिशवीतली जुनी जर्सी काढून मांडीवर घेतली.

"आणि वैजू, जबलपूरला मुलींची नवीन अकादमी निघतेय. ते कोच शोधताहेत. मी तुझं नाव सांगू का? ह्या वेळी मी तुलाच विचारतेय."

रविवारी मीटिंगमध्ये वैजयंतीनं पत्राचा फोटो टेबलावर ठेवला आणि काय घडलं ते सांगितलं. लीलाधर सर समोरच बसले होते. त्यांनी एक शब्दही नाकारला नाही. भूपेंद्रभाऊ सरांकडे बघायचे, मग फोटोकडे, मग पुन्हा सरांकडे. कोणी तरी म्हणालं, "पण सरांचा हेतू…" आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

"चारुलता पळाली नव्हती," वैजयंती म्हणाली. "म्हणून माझं मत ठरावाच्या बाजूनं. आणि जबलपूरच्या अकादमीचा काल होकार आलाय, दीड महिन्यानं मी तिकडे कोच म्हणून जातेय. हेही लिहून घ्या."

ह्यावर सरांनी पहिल्यांदा मान वर केली. "आणि पोरी?" ते म्हणाले. "स्टेटच्या मॅचेस तोंडावर आल्यात, वैजू. पोरींचं काय?"

पोरींचं काय, हे गेले तीन दिवस ती स्वतःलाच विचारत होती. ठराव मंजूर झाल्याचं लिहिलं गेलं तशी तिनं फोटो उचलला आणि ती बाहेर पडली.

सोमवारी सकाळी प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आधी तिनं अकराही पोरींना कोर्टाच्या मध्ये बसवलं. नंबराबद्दल सांगितलं, चारुलताबद्दल सांगितलं, आणि मग स्वतःच्या जाण्याबद्दल, तारखेसकट. कोणती गाडी, कुठे राहणार, नवी कोच कोण येऊ शकते, काही लपवलं नाही. स्टेटच्या मॅचेसना सुट्टी काढून येईन, असंही म्हणाली.

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. हर्षाली, देडतलाईची, सोळा वर्षांची, हॉस्टेलात राहून खेळणारी, अंगावरच्या नऊ नंबराकडे बघत होती.

"मतलब ये भी उतारना है," ती म्हणाली, "और आप भी जा रहे हो."

"हर्षाली, मैं पहले से बता रही हूँ ना. मला तर कोणी…"

"बता के जाओ या बिना बताए, मॅडम. स्टेट में तो हम अकेले ही खेलेंगे ना?"

वैजयंतीला तिच्याजवळ जाऊन बसायचं होतं. सगळी हकीगत पुन्हा एकदा सांगायची होती, ती ओसरी, तो कागद, त्यावरचं आपलं नाव. पण हर्षालीच्या चेहऱ्याकडे पाहून तिला कळलं की ह्या पोरीला त्यातलं काहीही ऐकायचं नाही, आणि तिनं ऐकावं असा आपला हक्कही नाही.

हर्षाली उठली. तिथेच, सगळ्यांसमोर, टी-शर्टवरची जर्सी डोक्यावरून काढली, घडी न घालता बाकावर टाकली आणि बॉल घेऊन एकटीच पलीकडच्या रिंगखाली गेली. बाकीच्या पोरी थोडा वेळ बसून राहिल्या. मग एकेक करत तिच्यामागे गेल्या.

वैजयंतीनं घड्याळ पाहिलं. सहा वाजून वीस. तिनं शिट्टी तोंडात धरली आणि वॉर्मअपसाठी वाजवली. पहिल्या शिट्टीला कोणी वळलं नाही. तिनं दुसऱ्यांदा वाजवली.