डाव्या कडेला चिकटलेल्या ओळी

मित्रांनो, माझी निम्मी अक्षरे पुसली गेली आहेत, तरी तुम्ही मला ओळखाल. मी एक जुना कीबोर्ड आहे. उमेदीची वर्षे मी फिलिपीन्समधल्या लागुना प्रांतात, एका इंटरनेटच्या दुकानात काढली. मुले मला बडवत आणि वर माझे कौतुकही करत. दुकान बंद पडल्यावर आर्नेलने मला घरी आणले, बदकांच्या खुराड्याशेजारी.

आर्नेलने अंडी उबवायची पेटी बनवली होती. ती गार झाली की दिवे लागावेत, तापली की विझावेत, असा प्रोग्राम त्याने माझ्यावरच लिहिला. मग तो जहाजावर नोकरीला गेला. भर समुद्रात त्याचा फोन लागत नसे.

एका सकाळी त्याची बायको मारीविक हिने प्रोग्राममधला तापमानाचा आकडा बदलला. दुपारी पेटीतले दिवे विझेनात.

"बंद कर ती पेटी," तिच्या सासूबाई म्हणाल्या. त्यांना सारे नानाय एपांग, म्हणजे एपांग आई, म्हणत.

"बंद केली तर गारठतील, नानाय. पिल्लं आतून चोची मारायला लागलीत."

"मग शिजू देत. कालवण कर."

असे म्हणाल्या खऱ्या, पण पेटीचे दार उघडून पुठ्ठ्याने वारा घालत बसल्याही त्याच.

मारीविकने सगळा प्रोग्राम इंटरनेटवरच्या एका प्रश्नोत्तरांच्या फोरमवर टाकून मदत मागितली. प्रोग्राममध्ये कुठली ओळ कुठल्या ओळीच्या पोटात जाते, हे तिच्याआधी सोडलेल्या जागेवरून ठरते. फोरमने त्या जागाच गिळल्या. साऱ्या ओळी डाव्या कडेला चिकटल्या.

"हा काय गुंता टाकलाय? आधी नीट मांडा, मग विचारा," एकाने लिहिले. तिने पडद्याचा फोटो टाकला, तो हलला. "चष्मा पण आम्हीच आणायचा का?" दुसऱ्याने टोमणा मारला.

मग इलोइलो शहरातल्या तेसी नावाच्या बाईने लिहिले, "घाबरू नका, ताई. प्रोग्रामच्या वर एक आणि खाली एक अशी वेगळी ओळ घ्या. दोन्हींत ती तिरकी बारीक टिकली तीनदा द्या. डाव्या कोपऱ्यात वरती कळ आहे बघा. मग जागा तशाच राहतात."

माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. दुकानात कोणीतरी सरबत सांडले होते, तेव्हापासून ती कळ चिकटून बसली होती. ती कधी कोणाला लागली नाही, म्हणून कोणी पुसलीही नाही. मारीविकने दाबली. काही उमटले नाही. पुन्हा दाबली.

"किती वेळ गं? हात भरून आले माझे."

"कळ अडकलीय, नानाय."

"मग केसातला आकडा काढ की. आणि तुझ्या सासऱ्याची बाटली घे. नाहीतरी तिचा दुसरा काय उपयोग?"

मारीविकने आकड्याने कळ उचकटली आणि नारळाच्या दारूत भिजवलेल्या फडक्याने आतला चिकटा पुसून काढला. मग टिकली उमटली. फोरमवर प्रत्येक ओळ आपापल्या जागी उभी राहिली.

तेसीचे उत्तर लगेच आले. "आकडा बदलताना दिवे विझवायची ओळ पुढे सरकून दिवे लावायच्या ओळीच्या पोटात शिरलीय. तिला मागे घ्या."

मारीविकने ओळ मागे घेतली. दिवे विझले.

वरच्या फळीवरची अंडी मात्र गेली. नानाय ती एकेक करून कानाशी धरत होत्या आणि बाजूला ठेवत होत्या. खालच्या फळीवर टकटक चालू होती.

दोन दिवसांनी नानायनी एक ओले पिल्लू आणून माझ्यावरच ठेवले. "तुझ्या त्या तेसीला दाखव," त्या म्हणाल्या. पिल्लू डगमगत माझ्यावरून चालले, आणि मला पुन्हा कळांची धास्ती लागली.

मित्रांनो, मदत करणाऱ्याला तुमची घाई दिसत नाही, तुमची अंडीही दिसत नाहीत. तुम्ही जे मांडाल तेवढेच त्याला दिसते, म्हणून ते नीट मांडा. आणि कोपऱ्यातली कळ अधूनमधून पुसत जा. ती कधी लागेल, हे आम्हालाही ठाऊक नसते.